मोटारीची खांदशेकणी

लटारू ढिवराने वच्छलेला सोडलं आणि मालगुजाराच्या मोटारीशी लग्न लावलं, ही बातमी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, चांद्याच्या गोल बाजारात मासोळीच्या वासापेक्षाही जलद पसरली. सांगणाऱ्याने मोटारीच्या अंगावरची हळद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. ऐकणाऱ्याने पुढे सांगताना तिला मुंडावळ्याही बांधल्या. बातमी रामाळा तलावापर्यंत पोचली तेव्हा नवरी चार चाकांची असून हुंड्यात पेट्रोल मिळालं, इथवर मजल गेली होती.

यातलं खरं एवढंच, की मोटारीला हळद लागली होती. ती लटारूने लावली नव्हती. लावली ऐंशीच्या घरातल्या एका म्हाताऱ्या बाईने, अगदी प्रेमाने, आणि त्या प्रेमापायी लटारूच्या हातचं काम जायची वेळ आली होती. वच्छला तर आपल्या जागेवरून हललीही नव्हती. बाजारात ओट्यावर बसून मरळ विकत होती. एका गिऱ्हाईक बाईने खोट्या कळवळ्याने सवतीची चौकशी केली, तेव्हा वच्छला मासोळीवरची माशी हाकत म्हणाली, "बरं झालं बावा. मले वाटे, ह्या मानसाले कोनाचं आंग पुसताच येत नाई."

लटारू मूळचा सिंदेवाहीकडच्या एका तलावाकाठचा. बापजाद्यांचा धंदा जाळ्याचा. तलाव गाळाने भरत गेला, मासोळी रुसली, तसा हा बायकोला घेऊन चांद्याला आला आणि जटपुरा गेटाजवळ बापूजींच्या मोटार गॅरेजात गाड्या धुवायला लागला. गाड्या कसल्या, तर जंगलातून सागवान वाहणारे ट्रक. चिखलाने असे माखलेले, की आधी रंग कोणता होता हे ड्रायव्हरलाही आठवू नये. दुसरा कोणी असता तर चार बादल्या मारून मोकळा झाला असता. लटारू दिव्याच्या काचा पुसायचा, दाराच्या मुठी घासायचा, मग दोन पावलं मागे जाऊन मान वाकडी करून पाहायचा. ड्रायव्हर वैतागायचे.

"अबे लटारू, लाकडं न्याची गाडी हाये, नवरदेव नाई!"

"लाकडं न्याची हाये मनून का थोबाड धुवू नोको तिनं?" हा उलटून विचारायचा.

असा हा माणूस. बोलायला फटकळ, हाताला चिकट. एकदा कापड हातात घेतलं की ते त्याच्या हातून सोडवायला वच्छलेलाच यावं लागे.

मग बापूजींनी नागपूरहून पॉलिशचं मशीन आणलं. मुठीचं, विजेवर फिरणारं, पुढे ताटलीएवढी रबरी चकती, आणि चकतीवर नाडीने बांधायची मेंढीच्या लोकरीची टोपी. सोबत दोन डबे. एकात जाडं कंपाउंड, म्हणजे रंगाचा वरचा मेलेला थर खरडून काढणारा मलम. दुसऱ्यात बारीक, म्हणजे खरडल्याच्या खुणा मिटवून चकाकी आणणारा. मशीन सुरू झालं की शेजारपाजारचे रेडिओ गुरगुरू लागायचे, आणि बातम्या ऐकत बसलेली मोठी मोठी माणसं बापूजींच्या नावाने बोटं मोडायची.

पहिल्या दिवशी लटारूने टोपीवर जाडं कंपाउंड घेतलं, मशीन बापूजींच्याच जीपच्या बॉनेटवर टेकवलं, आणि चकाकी येईपर्यंत हलवायचं नाही असा निश्चय करून एकाच जागी धरून ठेवलं. चकाकी आली नाही. धूर आला. रंग जळून खालचा अस्तराचा तांबडा थर उघडा पडला, पोळीएवढा गोल.

बापूजींनी त्या गोलाकडे पाहिलं, मग लटारूकडे. "वा! चंद्र उगवला. लटारू, असा दुसरा चंद्र कोणाच्या गाडीवर उगवला ना, तर मशीन नागपूरच्या मिस्त्रीच्या हाती जाईल आणि तू पुन्हा ट्रकाच्या चाकाखाली जाशील. समजलं?"

समजलं. असं समजलं, की पुढे हा माणूस झपाटल्यासारखाच वागू लागला. डबा उघडला की कंपाउंड चिमटीत घेऊन आधी नखावर घासायचा, तेवढ्याने समाधान नाही झालं तर कणभर दाताखाली धरायचा. कचकच लागली की जाडं, नाही लागली की बारीक. मग थुंकायचा. बापूजी ओरडायचे, "अरे, रॉकेल असतं त्यात!" हा म्हणायचा, "मनूनच तं थुकतो, नाई तं गिळलं असतं."

मशीनबरोबर आलेली टोपी झिजली, तेव्हा याने स्वतः टोप्या करायला घेतल्या. आधी घोंगडीचा तुकडा लावून पाहिला. घोंगडीने रंगावर असे ओरखडे उठवले, की मांजरी भांडून गेल्या वाटाव्या. मग जुन्या नमद्याचा, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाचा, लावला. नमदा काम भारी करायचा, पण तापायचाही भारी. तो फक्त दणकट ट्रकाच्या दारांपुरता ठेवला. शेवटी खाटकाकडून कोवळ्या मेंढीचं लोकरीसकट कातडं आणलं, आणि ढिवर जाळं टिकावं म्हणून ऐनाच्या सालीच्या ज्या काढ्यात बुडवतात, त्याच काढ्याने ते आतून मुरवलं. लोकर मऊ राहिली, कातडं चिवट झालं. वास मात्र असा सुटला, की गल्लीतल्या कुत्र्यांनी याच्या दारात मुक्काम केला.

वाळत घालायला दोरी एकच. तिच्यावर एकीकडे वच्छलेची सुकट, दुसरीकडे लटारूच्या टोप्या. एकदा एक पाहुणी दोरीखाली उभी राहून विचारती झाली, "वच्छलाबाई, ही केसाळ मासोळी कोनती वो?"

टोपी हाती आली की लटारू ती गालावर फिरवून पाहायचा. खरखरली तर तिच्यात वाळलेलं कंपाउंड अडकलंय असं धरायचं आणि विंचरून काढायचं. विंचरायला फणी कोणाची, हे सांगायला नकोच. वच्छलेच्या केसांत पांढरी भुकटी दिसू लागली आणि शेजारणींनी तिला कोणती चिंता खाते याची चर्चा सुरू केली, तेव्हा तिने फणी त्याच्या हातातून हिसकावली.

"मेंढीच्या केसाले फनी, मेंढीच्या केसाले गाल! लगन होऊन इतकी वर्सं झाली, माह्या केसाले कदी हात लावला का?"

"तुह्ये केस मऊच हायेत," लटारू म्हणाला. "पाहा कायले लागते?"

ती लाजली की चिडली हे नक्की सांगता येत नाही, पण दुसऱ्या दिवशी बाजारातून त्याच्यासाठी वेगळी फणी आली.

त्याचा कायदा एकच होता. आधी मऊ टोपी आणि बारीक कंपाउंड. तेवढ्याने भागलं तर पुढे जायचं नाही. भागलं नाही तर एक पायरी जाड. तेही आधी दाराच्या खालच्या कडेला, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे तळहाताएवढ्या जागेवर करून पाहायचं. शितावरून भाताची परीक्षा. एकदा खरडलेला रंग परत येत नाही, हे तो जीपवरचा चंद्र दाखवून सगळ्यांना सांगायचा. बापूजींनी तो चंद्र मुद्दाम तसाच ठेवला होता.

अशात दादाजी मालगुजारांची मोटार आली. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, सरकारजमा होऊन काही वर्षं लोटली होती, तरी मूलच्या वाटेवरच्या त्यांच्या गावात त्यांना मालगुजारच म्हणत, आणि पोळ्याला तोरणाखाली पहिला मान त्यांच्याच बैलजोडीचा. त्या वर्षी मात्र जोडीतला एक बैल म्हातारपणाने गेला होता. दादाजींनी ठरवलं, की यंदा तोरणाखाली आपण मोटार उभी करायची. मोटार नागपूरहून जुनी घेतलेली, सायीच्या रंगाची, पण उन्हापावसाने साय आंबून गेल्यासारखी झालेली. दादाजींना भीती होती ती झडत्यांची. पोळ्याला गावकरी तोरणाखाली उभे राहून यमकं जुळवतात, त्यांत मालगुजार काय नि पाटील काय, कोणाची धोतरं जागेवर राहत नाहीत. मळकी मोटार नेली, तर तिच्यावरची झडती नातवंडांच्या लग्नापर्यंत ऐकावी लागली असती.

बापूजींनी लटारूला बाजूला घेतलं. "हे काम जमलं तर मशीन तुझं. कायमचा पॉलिशवाला तू. नाही जमलं तर मला बोलू नकोस."

लटारूने मोटार धुतली, सुकवली, आणि मग अर्धा दिवस नुसता तिच्याभोवती फिरला. दादाजी कंटाळून म्हणाले, "हा पॉलिश करते का प्रदक्षिणा घालते?" शेवटी याने दाराच्या खालच्या कडेला बारीक कंपाउंड लावून पाहिलं. रंग उघडला, पण टोपीला पांढरं पीठ बरंच लागलं. म्हणजे थर पातळ. आता जाड्या डब्याकडे पाहायचंसुद्धा नाही. त्याने तो डबा फडक्यात गुंडाळून थैलीच्या तळाशी टाकला, कोवळ्या मेंढीची टोपी चढवली, आणि दाराच्या कडांवर, जिथे रंग सगळ्यात आधी उडतो, तिथे मशीन नेलंच नाही. कडा हाताने केल्या. काम संपलं तेव्हा मोटारीच्या पाठीवर जटपुरा गेट उलटा दिसत होता, आणि बापूजी त्यात आपल्या मिशा पाहत होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दादाजी मोटार गावी घेऊन निघाले. वाटेत चिखल उडणार, म्हणून लटारूला टोप्या आणि डब्यांची थैली घेऊन सोबत नेलं. मशीन गॅरेजातच राहिलं, कारण गावात वीज कुठली? गावी पोचल्यावर मोटार गोठ्यातच उभी केली, राहिलेल्या बैलाशेजारी, जागा तीच मोकळी होती म्हणून. लटारूने चिखल पुसला, हात धुतले आणि जेवायला गेला.

आता पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी इकडे घरोघरी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून सोललेल्या खांद्यावर गरम तूप आणि हळद पळसाच्या पानांनी चोळायची, आणि बैलाच्या कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दादाजींच्या आई ताराबाई हे काम कधी गड्यांवर सोडत नसत. त्या तुपाची वाटी घेऊन गोठ्यात आल्या, एका बैलाचा खांदा शेकला, आणि वळून पाहतात तो काय, गेलेल्या बैलाच्या जागी मोटार. पुढच्या दोन्ही चाकांवर तिचे पत्रे चांगले वशिंडासारखे फुगलेले. यंदा तोरणाखाली हीच जाणार, म्हणजे मान हिचाच. ताराबाईंनी तिचेही दोन्ही खांदे मन लावून शेकले, आणि दिव्याजवळ तोंड नेऊन तिला उद्याचं आवतनही दिलं.

सकाळी लटारू गोठ्यात गेला आणि तिथेच खाली बसला.

तूप पुसून निघालं. पिवळेपणा निघेना. सायीच्या रंगावर दोन्हीकडे हळदीचे हात, बोटं मोजता यावीत इतके स्वच्छ. तेवढ्यात पोळ्याच्या जेवणाला बोलावलेले बापूजीही जीप घेऊन आले. दादाजींनी डोक्याला हात लावला. आईला काही बोलायची सोय नव्हती, म्हणून सगळा राग लटारूवर आला.

"पाहत काय बसला? काढ तो जाडा डबा, घास!"

"मालक, जाड्यानं हळद जाईन, पन तिच्यासंगं रंगबी जाईन."

"मग बारीक घास."

लटारूने खालच्या कडेवर बारीक कंपाउंड घेऊन हाताने घासून पाहिलं. पिवळं थोडं निघालं, पण चकाकीही मेली, धुकं आल्यासारखी. ती परत आणायला मशीन हवं, आणि मशीन चांद्याला. त्याने हात थांबवला. बापूजी त्याच्या कानाशी येऊन म्हणाले, "लटारू, आज गाडी तोरणाखाली पिवळी गेली तर माझ्या गॅरेजवर झडत्या होतील. घासून टाक. पुढचं चांद्याला पाहू."

त्या क्षणी लटारूच्या एका हातात जाडा डबा होता नि दुसऱ्या हातात ती कोवळी टोपी, आणि मशीन राहणार की जाणार हे त्या दोन हातांत ठरायचं होतं. घासलं तर मालक आज खूश, पण मोटारीवर दोन चंद्र. नाही घासलं तर मशीन आजच नागपूरला.

ताराबाई ओसरीवरून हे सगळं पाहत होत्या. आपण काय केलं हे त्यांना अजून नीटसं पटलं नव्हतं. "एवढं काय झालं रे?" त्या म्हणाल्या. "तुह्या लगनात तुह्या धोतराले केवढी हळद लागली होती, दादा. अंगनात टाकलं, दोन उन्हं खाल्ली, पांढरं झालं. हळद का ऊन सोसते?"

लटारू उठून उभा राहिला. त्याने जाड्या डब्याचं झाकण घट्ट दाबलं आणि डबा थैलीत टाकला. "मालक, काईच लावत नाई. गाडी भायेर काढा."

"अरे, आभाळ पाहिलं का?" बापूजी ओरडले.

आभाळ भरलेलंच होतं. पोळ्याचे दिवस, ऊन येईल तर उपकार. "आलं तं आलं," लटारू म्हणाला. "नाई आलं तं मशीन तुमचं हाये, शेठ. पन मी रंग खरडनार नाई."

गड्यांनी मोटार ढकलून अंगणात आणली. लटारू तिच्याशेजारी उकिडवा बसून वर पाहू लागला. ढग सरकला की उन्हाचा पट्टा अंगणात पडे, पण नेमका मोटारीच्या पलीकडे. मग हा ओरडायचा, "लोटा रे, लोटा!" आणि गडी मोटार ढकलत त्या पट्ट्यात नेत. पट्टा विहिरीकडे गेला की मोटार विहिरीकडे, तुळशीवृंदावनाकडे आला की तुळशीकडे. पुरणाचा वास सुटलेला, बैलाची शिंगं रंगवून झालेली, आणि मालगुजारांची मोटार अंगणात उन्हामागे हिंडतेय. गावातले लोक कुंपणावरून माना काढून पाहू लागले. "मोटारीले सर्दी झाली का रे?" कोणीतरी विचारलं. दादाजी घरात जाऊन दार लावून बसले. बापूजी मात्र काही वेळाने धोतर खोचून स्वतःच ढकलायला आले, बहुधा उभं राहवेना म्हणून.

जेवणवेळ टळल्यावर ढग जरा फाटले आणि ऊन पडलं ते पडलंच. हळद आधी फिकी पडली, मग बोटं पुसट झाली, मग उजव्या बाजूचा हात कुठे होता हे शोधावं लागू लागलं. डाव्या बाजूला थोडी सावली राहिल्याने तिथे लिंबाएवढा पिवळा ठिपका उरला. लटारूने कोरड्या टोपीने सगळ्या अंगावरची धूळ अलगद झटकली, ठिपक्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि त्यावर झेंडूचा हार असा टाकला, की जणू हार तिथेच टाकायची रीत असावी.

मोटार तोरणाखाली पहिली उभी राहिली. झडत्या झाल्याच. एक लांबलचक झडती उन्हामागे पळणाऱ्या मोटारीवर होती, आणि तिला दादाजीच सगळ्यात मोठ्याने हसले, कारण तिच्यात मोटार मळकी आहे असं कोणी म्हणालं नव्हतं. उलट, तिच्या अंगात पाहून एका गड्याने आपली पगडी सारखी केली, ते सगळ्या गावाने पाहिलं. कोणी म्हणतं, हार वाऱ्याने सरकला नि ठिपका दिसला, तिथूनच लग्नाची बातमी चांद्याला निघाली. असेल.

परतताना बापूजींनी लटारूच्या खांद्यावर हात ठेवला. "मशीन तुझं. पण बेट्या, आज माझा जीव घेतलास तू. कंपाउंड न लावता पॉलिश करतो म्हणे!"

लटारूने थैलीतल्या टोप्या मोजल्यासारख्या चाचपल्या, कोवळी टोपी वर घेतली, गालावर फिरवली आणि पुन्हा आत ठेवली. तेवढ्याने बापूजींना कळलं, की हा माणूस आता मशीनला रात्री घरीही नेणार. (नेलं. वच्छलेने मशीनला बसायला पाट दिला.)

निघायच्या आधी ताराबाईंनी त्याला पुरणाच्या पोळ्या बांधून दिल्या होत्या. आपल्या हातून घोळ झाला हे एव्हाना त्यांच्या कानावर गेलं होतं, पण मान्य करतील तर त्या मालगुजाराची आई कसल्या? पदर सावरत, हनुवटी वर करून म्हणाल्या, "बाबू, तुमी काईबी मना, जे राबते त्याचा खांदा शेकलाच पाह्यजे. पुढच्या पोळ्यालेबी मी हिले हळद लावनारच हावो."

लटारू पोळ्यांची गाठोडी काखेत धरून म्हणाला, "लावा ना, माय. पन संध्याकाळी नोको, सकाळीच लावत जा. मंजे दिवसभर ऊन तं भेटन."